रोज एक लाख सदतीस हजार माणसं आणि वाचनालयाचा फळा

फळा_खडू

मंडळी, धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

अक्कलकोट रोडकडे आमचं एक छोटं वाचनालय आहे. दारात फळा, आणि फळ्यावर वर्षानुवर्षं सुविचार. ते लिहिणारे गृहस्थ दिवाळीनंतर मुलाकडे पुण्याला गेले (सोलापुरातून पुण्याला कोण जात नाही म्हणा) आणि खडू माझ्या हाती आला. मी ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस. सुविचार काही मला सुचत नाहीत. मग दर सोमवारी फळ्यावर एक आकडा लिहायचा असं ठरवलं.

पहिल्याच सोमवारी लिहिलं: "१९९० ते २०१५ या काळात जगातल्या अतिगरीब लोकांची संख्या सरासरी रोज १,३७,००० ने कमी होत होती." खाली बारीक अक्षरात, "हिशेब: मॅक्स रोझर".

संध्याकाळी रिक्षावाले शेजारी थांबले आणि म्हणाले, "मास्तर, शून्य जादा पडलंय की." मी म्हटलं, नाही पडलं. "मग 'कमी'च्या जागी 'जास्त' पाहिजे." तेही नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कुठल्या तरी पक्षाचा प्रचार करतोय.

रिक्षावाल्यांना कशाला दोष द्यायचा? मी नोकरीत असताना स्टाफरूममध्ये विचारलं होतं, गेल्या वीस वर्षांत जगातलं टोकाचं दारिद्र्य वाढलं, तेवढंच राहिलं की घटलं? बहुतेक हात 'वाढलं'ला. त्यात अर्थशास्त्राचे दोन.

हा रोझर जन्मानं जर्मन, १९८३ चा. डॉक्टरेट ऑस्ट्रियात, इन्सब्रुकला. पुढे ऑक्सफर्डमध्ये टोनी ॲटकिन्सन यांच्याबरोबर काम. ॲटकिन्सन म्हणजे विषमता मोजण्याच्या अभ्यासातले भीष्माचार्य. २०१४ मध्ये रोझरनं 'आवर वर्ल्ड इन डेटा' सुरू केलं. त्याचं म्हणणं साधं आहे. वर्तमानपत्र काल काय घडलं ते सांगतं, आणि रोज थोडंथोडं घडणारी गोष्ट 'काल' घडलेली नसते. विमान पडलं तर बातमी. गेल्या वर्षीपेक्षा यंदा कमी पोरं जुलाबानं गेली, याची बातमी कोण करणार? रोज १ लाख ३७ हजार हा मथळा पंचवीस वर्षं दररोज छापता आला असता, पण तो एकदाही छापून आला नाही, असं तो म्हणतो.

आकडे नव्हते असं नाही. जागतिक बँक, युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना यांच्या अहवालांच्या परिशिष्टांत ते पडून होते. विद्यापीठांतले शोधनिबंध तर पैसे मोजल्याशिवाय उघडतही नसत. यानं काय केलं? एक प्रश्न, त्याला एक आलेख, आलेखाखाली आकडा कुठून आला ती ओळ आणि उतरवून घ्यायचं बटण. आमचं नाव लिहा आणि कुठंही वापरा, पैसे नकोत. मी तर खडूनंच उतरवतो.

तिसऱ्या सोमवारचा आकडा बालमृत्यूचा होता. १९९० मध्ये जगात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी ९३ पाच वर्षांची व्हायच्या आत जात, २०२२ मध्ये ३७. माझी आई शहाऐंशीची. तिला वाचनालयाच्या पायरीवर ऊन खात बसायला आवडतं. तिनं फळा वाचला आणि बोटं मोजायला लागली. "आम्ही नऊ. राहिलो चौघं." मग गेलेल्यांची नावं घेतली. चारच झाली. मी म्हटलं, पाचवं? "त्याला नाव नाही. बारशाआधीच गेला." एवढं बोलून ती सावलीतून उन्हाकडे सरकली.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. पुढच्या सोमवारसाठी आकडाही सुचवा.

---

चाटी_गल्ली

सर, वाचनखूण साठवली. फळ्याचा फोटो टाका की.

---

कडक_भाकरी

कॅल्क्युलेटर काढला. १२५ कोटी भागिले ९,१२५ दिवस. १,३६,९८६ येतात. म्हणजे बरोबर. रिक्षावाल्यांना सांगा, शून्य जागेवर आहे.

---

भोंगा

लेख छान, पण थोडं मीठ टाकतो.

रोझरचा दारिद्र्याचा आलेख कुणाच्या खिशातून बाहेर आला ते आठवतं का? जानेवारी २०१९. बिल गेट्स यांनी रोझरचे आलेख ट्विट केले. १८२० मध्ये जगातले ९४ टक्के लोक अतिगरीब, आता १० टक्के. दावोसची, जगातल्या उद्योगपती-नेत्यांची बैठक भरायच्या सुमारास. लगेच जेसन हिकेल नावाचे मानववंशशास्त्रज्ञ धावून आले. त्यांचे मुद्दे मला आजही पटतात. एक, १९८१ च्या आधी जगभर अशी पाहणीच नव्हती, तेव्हाचे आकडे म्हणजे मागून जुळवलेला अंदाज. दोन, ज्याच्याकडे रान होतं, गुरं होती, गायरान होतं, त्याच्या हातात पैसा नव्हता म्हणून तो गरीब ठरला. त्याची जमीन गेली, तो मजूर झाला, हातात चार नाणी आली आणि आलेखात तो वर चढला! तीन, अतिगरिबीची रेषाच इतकी खाली आखलीय की ती ओलांडून माणूस कुठं पोचतो ते विचारू नका. हिकेल म्हणतात रेषा रोज माणशी ७.४० डॉलरला आखा. मग चित्र पालटतं.

आता आपल्या गावात या. माझे वडील मिलमध्ये होते. पहाटेचा भोंगा झाला की अख्खी चाळ हलायची. मिल बंद पडली तेव्हा मी नववीत. हिशेबाचे पैसे किती वर्षांनी आणि किती कापून मिळाले ते लिहीत नाही, रक्तदाब वाढतो. वडील पुढे यंत्रमागावर गेले, नंतर एका अपार्टमेंटला वॉचमन. रेषेच्या खाली ते कधीच गेले नाहीत. तुमच्या फळ्यावर माझ्या बापाच्या घसरणीला जागा नाही, सर.

---

फळा_खडू

भोंगा, मीठ बरोबर पडलंय. वडिलांबद्दल लिहिलंत त्यावर मला उत्तर नाही, मी देणारही नाही.

बाकी मुद्द्यांवर नंतर बोलतो, नातवाला क्लासला सोडायचंय.

---

नवी_पेठ

एक अडाणी प्रश्न. जागतिक बँकेची अतिगरिबीची रेषा २.१५ डॉलरची म्हणतात. म्हणजे बँकेच्या भावानं एकशे ऐंशीच्या वर रुपये, बरोबर? रोज माणशी? म्हणजे पाच माणसांच्या घराला महिना सत्तावीस हजारांच्या वर? मग माझ्या दुकानातले निम्मे लोक अतिगरीब झाले. मीही काठावर.

---

डेटाची_पोर

नवी पेठ काका, प्रश्न अडाणी अजिबात नाही. सगळ्यात जास्त लोक इथंच अडखळतात.

तो बँकेतला डॉलर नाही. अमेरिकेत एका डॉलरला जेवढी वस्तू मिळते तेवढी इथं घ्यायला किती रुपये लागतील, असा तो 'क्रयशक्ती'चा डॉलर आहे. कटिंगचं बघा. अमेरिकेत न्हावी जेवढे डॉलर घेतो त्याला बँकेच्या भावानं गुणलंत, तर तेवढ्यात आपल्या सात रस्ता चौकात अख्ख्या खानदानाचे केस कापून होतील. २०१७ च्या किमतींवर केलेल्या आंतरराष्ट्रीय तुलनेत एका डॉलरला २०.६५ रुपये धरले होते. तेव्हा बाजारात डॉलर होता ६५ रुपयांचा. आता २.१५ ला २०.६५ नं गुणा. ढोबळमानानं ४४ रुपये रोज, त्याही २०१७ च्या भावातले. त्यात खाणं, कपडे, औषध, भाडं सगळं.

आणि जून २०२५ मध्ये जागतिक बँकेनं ही रेषा ३ डॉलरवर नेली, २०२१ च्या किमती धरून. एका रात्रीत २०२२ सालातले जगातले अतिगरीब सुमारे ७१ कोटींवरून ८४ कोटींवर गेले. प्रत्यक्षात कुणाच्या ताटातला एक घास इकडचा तिकडे झाला नाही.

---

नवी_पेठ

४४ रुपये! म्हणजे भोंगा म्हणतात ते खरंच आहे की. ही कसली रेषा? हा तर चहा-खारीचा खर्च.

---

डेटाची_पोर

काका, रोझर स्वतः तेच म्हणतो! लोक त्याला 'सगळं छान चाललंय'वाला समजतात, तेवढ्यासाठी पुढचं लिहिते.

तो म्हणतो, ही रेषा जगातल्या सगळ्यात गरीब देशांच्या मापानं आखलेली आहे, फार खालची आहे. श्रीमंत देशात ज्याला गरीब म्हणतात ते माप लावलं, म्हणजे दिवसाला साधारण ३० डॉलर, तर जगातले सुमारे ८५ टक्के लोक गरीब ठरतात. म्हणून एकच रेषा नको, चार-पाच रेषा शेजारीशेजारी दाखवा, असं त्याचं मत आहे. साइटवर तशा दिसतातही. जग फार सुधारलंय, जग भयंकर आहे आणि जग अजून खूप सुधारू शकतं, ही तिन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत, असं तो सांगतो. सरांच्याच आकड्यात बघा ना. हजारी ९३ वरून ३७, हे सुधारलेलं. पण २०२२ मध्ये ४९ लाख मुलं गेली, दिवसाला तेरा हजारांच्या वर, हे भयंकर.

आणि हल्ली तो १ लाख ३७ हजारवाला सूर लावतच नाही. चीन, भारत, इंडोनेशिया इथले गरीब ज्या वेगानं वर आले तो टप्पा संपत आला. आता उरलेले अतिगरीब जास्त करून अशा देशांत आहेत जिथं अर्थव्यवस्था हलतच नाही. मादागास्करचं उदाहरण तो नेहमी देतो. असंच चाललं तर घसरणारी रेघ आडवी होईल, कदाचित वरही वळेल, असं त्यानंच लिहिलंय.

मी जुळे सोलापूरची, सध्या पुण्यात आकड्यांचीच हमाली करते. कोविडच्या वेळी घरी अडकले होते तेव्हा हे सगळं जवळून पाहिलं. टेस्ट किती झाल्या याची जगाची एकत्र यादी कुणाकडेच नव्हती. या ऑक्सफर्डच्या चमूनं एकेका देशाची सरकारी पानं, पत्रकं, पत्रकार परिषदा धुंडाळून ती यादी हातानं बनवली. नंतर लसीची तशीच. मार्च २०२० मध्ये आरोग्य संघटनेच्या आकड्यांत दिवस मोजायची वेळ मध्येच बदलली आणि ताळमेळ बसेना, तेव्हा त्यांनी चक्क आकड्यांचा स्रोत बदलला, आणि का बदलला ते जाहीर लिहिलं. आमच्या ऑफिसात असं झालं तर मेल येतो, 'कृपया जुनी फाइल वापरू नये', बस.

---

सडेतोड_५५

गोरे लोक भारताला गरीब दाखवण्यासाठी असले उद्योग करतात. ऑक्सफर्डवाल्यांनी आधी स्वतःच्या देशातले बेघर मोजावेत.

---

कडक_भाकरी

सडेतोडराव, तो आकडा भारत सरकारच्याच पाहणीतला असतो. ऑक्सफर्डचे लोक मंगळवेढ्याला वही घेऊन येत नाहीत. आणि ताज्या आकड्यात भारत चांगलाच खाली आलाय. ३ डॉलरच्या रेषेनं २०११-१२ मध्ये २७.१ टक्के, २०२२-२३ मध्ये ५.३ टक्के. आता तरी आकडा गोड लागतो का बघा.

---

सडेतोड_५५

हा आकडा बरोबर वाटतो.

---

भोंगा

😄😄 लाख बोललात.

---

निवृत्त_गणक

मंगळवेढ्याचं नाव निघालं म्हणून लिहितोय. ऑक्सफर्डचे लोक येत नाहीत हे खरं. वही घेऊन मी जायचो.

राष्ट्रीय नमुना पाहणीत फिरतीची नोकरी केली. ही पाहणी संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी १९५० मध्ये उभी केली. भारताच्या दारिद्र्याचा जो आकडा जगाच्या आलेखात जातो, त्याचं मूळ या पाहणीच्या खर्चाच्या तक्त्यात असतं. हा तक्ता भरायचा कसा ते सांगतो, मग काय ते ठरवा.

ज्वारीचं गाव. बाई अंगणात. मी विचारतो, गेल्या तीस दिवसांत घरात ज्वारी किती किलो लागली? ती म्हणते, "आमी काय तोलून खातो का?" रास्त आहे. मग उलटीकडून यायचं. माणसं किती? सकाळी भाकरी किती थापता? संध्याकाळी? एका भाकरीला पीठ किती? ती मूठ दाखवते. दळण कधी टाकलं होतं? डबा केवढा? असं करत करत किलोवर यायचं. आता ही ज्वारी विकत घेतलेली नाही, घरच्या रानातली. तिची किंमत? शेतावर जो भाव मिळाला असता तो धरायचा, दुकानातला नाही. दिवस हुरड्याचे. ती हसून म्हणाली, "आन् हुरडा कुठं लिवता?" मी तक्ता पुढून मागून चाळला. शेवटी ज्वारीतच धरला. कच्च्या कणसाचा पक्का दाणा किती होईल, हा हिशेब मी बांधावर बसून केलाय.

पुढे मीठ, मिरची, तेल, काडेपेटी, साबण, चपला, एसटीचं भाडं. तीनशेच्या वर बाबी. दोन-अडीच तास. दूध उतू जातं, पोर रडतं, नवरा येऊन विचारतो, "साहेब, घरकुल मिळणार का?" नाही म्हटलं की शेवटची दोन पानं घाईत.

भोंगा, तुम्ही रेषेबद्दल बोललात. मी सांगतो, रेषेपेक्षाही मोठी गोम प्रश्नात आहे. 'गेल्या तीस दिवसांत' विचारलं तर माणूस विसरतो. भाजी, फळं, अंडी, मटण 'गेल्या सात दिवसांत' विचारलं तर जास्त आठवतं. कपडे, चपला, शाळेची फी 'गेल्या वर्षभरात' विचारली तर दिवाळीची खरेदी पकडीत येते. २०११-१२ च्या पाहणीत दोन्ही तऱ्हांनी विचारलं होतं. जागतिक बँकेच्या जुन्या १.९० डॉलरच्या रेषेनं जुन्या तऱ्हेत भारताचं अतिदारिद्र्य आलं २१.२ टक्के, नव्या तऱ्हेत १२.४. देश तोच, वर्ष तेच, रेषा तीच. फक्त प्रश्न बदलला.

१९९९-२००० च्या फेरीत तर सात आणि तीस दिवसांचे प्रश्न एकाच तक्त्यात शेजारीशेजारी ठेवले. माणूस सात दिवसांचं सांगून झालं की तीसचं त्याला चारनं गुणून द्यायचा. त्यावर अर्थतज्ज्ञांची वर्षानुवर्षं भांडणं झाली. आम्ही खालचे लोक पहिल्या आठवड्यातच चहाच्या टपरीवर म्हणालो होतो, हे गोंधळणार.

आता २०२२-२३ च्या पाहणीत एकाच घरी तीनदा जायचं ठरलं. एकदा खाण्याचं, एकदा रोजच्या वापराचं, एकदा टिकाऊ वस्तूंचं. दमून दिलेली उत्तरं कमी होतात, हे चांगलं झालं. पण मग २०११-१२ शी सरळ तुलना जरा जपूनच करा, कडक भाकरी. घट झालीय हे मी डोळ्यांनी पाहिलंय, किती ते अर्ध्या टक्क्यापर्यंत ठोकून सांगू नका. मधल्या २०१७-१८ च्या पाहणीचे आकडे तेव्हा बाहेरच आले नाहीत, त्यामुळे मधली दहा वर्षं सगळे अंधारात चाचपडत होते.

रोझरच्या साइटवर मी सगळ्यात आधी आलेखाच्या खालची बारीक अक्षरं वाचली. पाहणी खर्चाची की उत्पन्नाची, कुठल्या किमती धरल्या, तुलना कुठं तुटते, हे तिथं लिहिलेलं असतं. माझ्या अख्ख्या नोकरीत मला कुणी विचारलं नाही की तुमचा आकडा पुढं कुठं गेला. परवा नातीनं मोबाइलवर भारताची रेघ दाखवली, त्यावर एक ठिपका होता. म्हटलं, यात माझा हुरडा आहे.

---

चाटी_गल्ली

काका, दंडवत. हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून काढा.

---

माळढोक

+१. हुरड्यावर थांबलो. दोनदा वाचलं.

अवांतर: सोलापूरला मोजणी नवीन नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरच्या गोखले संस्थेनं अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली सोलापूर शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली होती, तिचं पुस्तक १९६५ मध्ये आलं. त्याच संस्थेतून १९७१ मध्ये दांडेकर आणि रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा प्रसिद्ध अभ्यास मांडला, माणशी २२५० कॅलरी धरून. पुढच्याच वर्षी आपल्याकडे बहात्तरचा दुष्काळ, खडी फोडायची कामं, मिलो आणि सुकडी. सांगायचं एवढंच की ऑक्सफर्डच्या आधी डेक्कन जिमखाना होता. फक्त ते पुस्तक वाचायला अजून ग्रंथालयात ओळख लागते.

---

फळा_खडू

माळढोक, शेवटच्या वाक्यासाठी तुम्हाला एक शेंगापोळी. मला रोझरचं कौतुक नेमकं तिथंच आहे. त्यानं नवीन काही मोजलं, असं नाही. मोजलेलं होतं ते कपाटातून काढून ओट्यावर ठेवलं.

आता भोंगांचे मुद्दे. १८२० चे आकडे अंदाजाचे आहेत, मान्य. इतिहासकारांनी त्या त्या काळची मजुरी आणि धान्याचे भाव जुळवून ते काढलेत, आणि जे लोक बाजारात न जाता स्वतःचं पिकवून खात त्यांचा वाटाही रुपयांत धरायचा प्रयत्न केलाय, गणककाकांच्या घरच्या ज्वारीसारखाच. प्रयत्न कितपत जमला यावर वाद घाला. पण रानातून उठवून मजूर केलेल्या माणसाचं काय गेलं ते मजुरीच्या आकड्यात उमटत नाही, हे मलाही कबूल. मी वर्गात तो आलेख लावला असता तर १८२० पासून नाही, १९९० पासून लावला असता.

मात्र बालमृत्यूच्या रेघेला डॉलर लागत नाही, भोंगा. मूल जगलं की गेलं, एवढंच. तिथं हिकेल आणि रोझर एकाच बाकावर बसतात. आपल्या देशात १९९२-९३ च्या पहिल्या कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालचे मृत्यू हजारी १०९ होते, २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत ४२.

---

भोंगा

हे मान्य. माझ्या आजीची सात, वडिलांची भावंडं तीन. तिथं मी वाद घालत नाही.

---

सूप_कात्री

बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहिते. मी कुंभारीच्या विडी घरकुलातली. २००६ मध्ये दहा हजार घरांची वसाहत झाली, त्यातलं एक आमच्या अम्मम्माच्या, म्हणजे आजीच्या नावावर.

गणककाकांनी मूठभर पिठाचं लिहिलं तेव्हा अम्मम्माचं सूप डोळ्यापुढं आलं. विडीचा सगळा हिशेब हजारावर. मजुरी हजार विड्यांची, ओळख हजाराची. "ती रोज हजार वळते" म्हणजे सून चांगली. पानं भिजवायची, कात्रीनं मापात कापायची, तंबाखू भरून वळायची, तोंड दुमडायचं, दोरा. पंचवीसचा कट्टा. मग कारखान्यात नेऊन द्यायच्या आणि समोरचा छाट काढणार. ही सैल, ही वाकडी, हिचं पान फुटकं. छाटीचे पैसे नाहीत. म्हणजे अम्मम्मानं वळल्या हजाराच्या वर आणि कार्डावर चढले हजार. वरच्या विड्या कुठल्याच तक्त्यात नाहीत.

ऑक्सफर्डचाच अजून एक निर्देशांक आहे ना, बहुआयामी दारिद्र्याचा? दहा गोष्टी बघतात, शाळा, पोषण, बालमृत्यू, घर, गॅस, संडास, पाणी, वीज असं. एम.ए.ला होता. मी आमचं घर त्यात बसवून पाहिलं. घर पक्कं, गॅस आहे, वीज आहे, मी शिकलेली. आम्ही गरिबीतून बाहेर! आनंदही झाला, खोटं कशाला बोलू. चाळीतल्या एका खोलीत अकरा जणं झोपायचो ते मला आठवतं. पण त्या दहात काम नाही. पाठ नाही. तंबाखूच्या धुळीचा खोकला नाही.

तक्रार नाही सर, खरंच विचारते. हे मोजायचं ठरवलं तर कोण मोजेल?

---

निवृत्त_गणक

पोरी, छाटीचा तक्ता तूच कर. अम्मम्मानं वळलेल्या किती, चढलेल्या किती, तारीख घालून. महिनाभर. शेजारच्या चार घरांत वही दे. फार मोठं काही लागत नाही, आम्हीही असंच करायचो. फक्त दिवस बुडाला तर नंतर मनानं भरू नको.

---

सूप_कात्री

करते काका. अम्मम्मा म्हणेल, वळू का लिहू? मीच लिहीन.

---

नवी_पेठ

डोळ्यांत पाणी आणलंत राव सगळ्यांनी. विषय बदलतो. सर, शेंगापोळीचं मघाशी म्हणालात, चटणीचं विसरलात. पुण्यात मिळते ती लाल भुकटी असते, खलबत्त्यात कुटलेली तेल सुटलेली नाही.

---

डेटाची_पोर

काका, पुण्यात राहून याच्यावर मी शोधनिबंध लिहू शकते. स्रोत: आईचा डबा.

---

चाटी_गल्ली

परत फळ्याकडे या बे. पुढच्या सोमवारी कुठला आकडा? माझं मत पाण्याला. जगात २२० कोटी लोकांना सुरक्षित व्यवस्थेतलं पिण्याचं पाणी मिळत नाही, २०२२ चा आकडा. आपण त्यात येतो का नाही ते कळू दे. नळ तर घरात आहे. पाणी कधी चौथ्या दिवशी येतं, कधी पाचव्या.

---

फळा_खडू

व्याख्या वाचली. तीन अटी आहेत. पाणी घराच्या आवारात हवं, दूषित नको आणि गरज असेल तेव्हा मिळायला हवं. पहिली पास. दुसरीबद्दल बोलत नाही. तिसरीवर आमच्या गल्लीत दोन गट पडलेत. एक म्हणतो टाकी भरून ठेवतो, म्हणजे मिळतंच की. दुसऱ्या गटाकडे टाकी नाही.

या सोमवारी फळ्यावर जगाचा आकडा लिहितो आणि शेजारी आपला रकाना मोकळा ठेवतो. पण आपला भरायचा कशावरून? गेल्या वर्षात नळ किती दिवस आला, कुणी लिहून ठेवलंय का? आठवणीतलं नको, काका रागावतील.

---

माळढोक

माझी आई कॅलेंडरवर लिहिते. दुधाचा 'दू', गॅसचा 'गॅ', पाण्याचा 'पा'. रात्री आलं तर 'पा'भोवती गोल, कारण झोपमोड झाली. जुनी कॅलेंडरं माळ्यावर आहेत, ती काही टाकत नाही. आज काढून बघतो.

---

डेटाची_पोर

माळढोक दादा, फोटो पाठवा, तक्ता मी भरून देते. गोलवाले वेगळ्या रकान्यात. प्लीज ते गोल सोडू नका.

---

माळढोक

काढली. २०१९ पासूनची आहेत. गेल्या वर्षाचं मे महिन्याचं पान नाही. आईला विचारलं तर म्हणाली, मावशी लातूरला निघाली होती, त्यात शेंगा बांधून दिल्या.

मे मध्ये साधारण पाचव्या दिवशी यायचं असं तिला आठवतंय. भरू का तसं?

---

निवृत्त_गणक

नको. मे मोकळा ठेवा. खाली लिहा, पान उपलब्ध नाही.

---

फळा_खडू

आणि कारणही लिहा. मी फळ्यावर तसंच उतरवतो.